चारशे पानं बंद करताना

पूर्णेजवळच्या चुडाव्याहून फोन आला तेव्हा मी दुकानाच्या काउंटरवर बसून कुणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत होते. नंबर ओळखीचा नव्हता.  पलीकडचा माणूस म्हणाला, “मॅडम, एडिटिंगची ती मराठी साइट तुमचीच हाय ना?”

“हो, माझीच.”

“तिच्यावर लिहिलंय तसं केलं मी. आन माझी सगळी फिल्म गेली.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी कात्री खाली ठेवली आणि काय काय झालं ते नीट सांगायला सांगितलं.

त्याच्या कॉम्प्युटरची डिस्क भरली होती. जागा कशी करावी म्हणून त्यानं मराठीत शोधलं, तर माझंच पान पहिलं आलं. त्या पानावर मी लिहिलं होतं की अमुक नावाचं फोल्डर तात्पुरत्या फायलींचं असतं, ते खुशाल पुसा. त्यानं पुसलं. वर कचरापेटीही रिकामी केली. मी ते लिहिलं तेव्हा त्या फोल्डरमध्ये खरोखरच तात्पुरत्या फायली असायच्या. पुढं सॉफ्टवेअर बदललं, फोल्डरचं नाव तेच राहिलं, आणि नव्या व्हर्जनमध्ये आपण केलेलं सगळं संकलनही त्याच फोल्डरात साठायला लागलं. हे मला माहीतच नव्हतं. चित्रीकरण वेगळ्या डिस्कवर होतं, ते वाचलं. पण कुठला शॉट कुठं कापायचा, कुठल्या चित्राखाली कुठला आवाज ठेवायचा, हे आठ महिने बसून त्यानं जे जुळवलं होतं ते गेलं. काही परत मिळतं का, हे बघण्याआधी त्यानं फोल्डर पुसलं त्याच डिस्कवर एका लग्नाचं नवं चित्रीकरण उतरवून घेतलं होतं. त्यामुळे तोही रस्ता बंद झाला होता.

“मी बघते काय करता येतं,” एवढंच बोलले मी. फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धवट ओढून वर घरात गेले. कॉम्प्युटर लावून ते पान उघडलं. ‘खुशाल’ हा शब्द तिथं होताच. तो मीच लिहिलेला. ओळ पुसून टाकली. मग उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले, परत उठले. दुपारभर असंच चाललं. खाली कुणीतरी शटर वाजवत होतं, तरी जावंसं वाटलं नाही.

ही साइट मी कशी काढली ते सांगायला हवं. लग्न होऊन परभणीला आले तेव्हा आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि लग्नाच्या व्हिडिओचं काम नुकतंच सुरू झालं होतं. हे दिवसभर शूटिंगला बाहेर. कॅसेटी घरी येऊन पडायच्या आणि लोक मागे लागायचे. मग दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून मी जोडायला शिकले. एकावर चालवायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, अंगठा बटणावर. पुढं कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक आलं. माझं शिक्षण माहेरी बोरीत, बारावीपर्यंत. शब्दकोश शेजारी ठेवून एकेक ओळ लावायची आणि वहीत मराठीत लिहून ठेवायची, असं चाललं. ती वही इतकी लोकांनी मागून नेली की शेवटी मी ती इंटरनेटवर टाकली. स्टेशन रोडच्या सायबर कॅफेत बसून पहिली पानं मीच चढवली. तेव्हा मराठी फॉन्टचा घोळ होता, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर माझी अक्षरं चौकोन आणि खिळे होऊन दिसायची. मग युनिकोड आलं तेव्हा सगळं पुन्हा टाइप केलं.

सुरुवातीला आमच्यासारखेच लग्नवाले यायचे. मग नांदेड, लातूर, पुढं पुण्या-मुंबईचे फिल्म संकलक येऊ लागले. शॉट कुठं तोडावा, आवाज आधी आणून चित्र नंतर कसं आणावं, दोन कॅमेऱ्यांचे रंग कसे जुळवावे, असं सगळं साध्या मराठीत. पानं वाढत चारशेच्या वर गेली. खाली प्रश्न विचारायची सोय होती. कोल्हापूरचे एक म्हातारे संकलक त्यात रोज सकाळी उत्तरं लिहायचे. स्टुडिओत फिल्मची पट्टी हातानं कापून चिकटवायच्या काळातला माणूस. आम्ही कधी भेटलो नाही. मी त्यांना काका म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांची उत्तरं थांबली आणि नंतर कळलं की ते गेले.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मी लोकांना सांगितली नव्हती. चार वर्षं झाली, मी स्वतः संकलनाचं एकही काम केलं नव्हतं. लग्नाच्या ऑर्डरी आता बाहेरून करून घेतो. माझ्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर जुनंच. तरी कुणी प्रश्न टाकला की मी उत्तर देत होते, पूर्वीच्याच ठामपणानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली.

“कुठं निघालीस?” ह्यांनी विचारलं.

“चुडाव्याला. कालच्या फोनवाल्याकडं.”

“कामून? भांडायला बोलावलंय का त्यानं?”

“बोलावलंच नाही. मीच जायलेय.”

“मंग तिथं जाऊन काय करणार तू? तुझ्यानं आता नवं सॉफ्टवेअर तर चालत न्हाई.”

“माहीत नाही. पण इथं बसवत नाही.”

 ह्यांनी गाडीवर बसवून स्टेशनला सोडलं आणि तिकिटाच्या रांगेतही तेच उभे राहिले.

पूर्णेला गाडी बराच वेळ थांबली. मी दोनदा खाली उतरले, दोनदा चढले. समोरच्या बाईनं विचारलं, “कुणी आजारी हाय का, बाई?” मी नाही म्हटलं. 

पूर्णेहून मी फोन केला होता, म्हणून चुडाव्याच्या स्टेशनवर तो घ्यायला आला होता. पस्तिशीचा असेल. गावात लग्नं, बारशी, जावळाचे कार्यक्रम करतो. एक खोली, पत्रे, टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून जुन्या साडीचा तुकडा. त्याची बायको शेतात गेली होती. आई घरी होती. चहा टाकून ती दारातच बसली.

मी म्हटलं, “चूक माझी आहे. ते पान मी वेळेवर बदलायला हवं होतं.”

तो म्हणाला, “मॅडम, तुमच्याच पानावर मी शिकलो. कट काय असतो तेच मला मालूम नव्हतं. आता तुमच्यावर कसं ओरडू?” मग म्हणाला, “पण लय वाईट वाटलं.”

फिल्म कशाची ते त्यानं सांगितलं. त्याचा भाऊ आणि भावजय दर वर्षी ऊसतोडीला जातात. गावातली अर्धी घरं जातात. पण त्यानं ऊसतोड दाखवली नव्हती. त्यानं मागं राहिलेलं गाव दाखवलं होतं. कुलपं लागलेली दारं, म्हाताऱ्या, आणि शेजाऱ्यांच्या दारातल्या तुळशीला पाणी घालणारी त्याची आई. दोन हंगाम त्यानं एकट्यानं चित्रीकरण केलं होतं. दिवाळी झाली की ट्रक येतात. त्याच्या आधी, गाव भरलेलं असताना, त्याला ती दाखवायची होती.

“पुन्हा जुळवू,” मी म्हटलं. “मी बसते तुमच्याबरोबर.”

तीन दिवस मी त्यांच्याकडं राहिले. सकाळी भाकरी खाऊन बसायचं ते वीज जाईपर्यंत. नव्या सॉफ्टवेअरवर माझा हात चालत नव्हता, म्हणून माऊस त्याच्याकडं आणि मी शेजारी वही घेऊन. त्यानं आठवून आठवून सांगायचं, मी क्रम लिहायचा, तो लावायचा. काही भाग पटकन आले. काही नुसते अडकून बसले. मी अधूनमधून उठून अंगणात चकरा मारायचे. तो म्हणायचा, “मॅडम, बसा की.” मला बसता येत नव्हतं.

सगळ्यात जास्त भांडण एका शॉटवरून झालं. ट्रक भरतो, माणसं चढतात, ट्रक निघतो. कॅमेरा जागेवरच. ट्रक चौकटीतून बाहेर जातो आणि रिकामा रस्ता राहतो. मी सांगितलं, ट्रक गेला की दोन सेकंदांत तोडा. हे मी साइटवर वर्षानुवर्षं लिहीत आले होते. शॉटमधली हालचाल संपली की शॉट संपला.

“न्हाई मॅडम,” तो म्हणाला. “माझ्या पहिल्या कापण्यात जास्त होतं.”

“किती जास्त?”

“ते आठवत न्हाई. पण एवढं कमी नव्हतं.”

“लोक कंटाळतील.”

“कंटाळू द्या की.”

मी तोडायलाच लावलं. त्यानं तोडलं आणि चालवून दाखवलं. दारात बसलेली त्याची आई पहिल्यांदाच बोलली. “इतक्या लवकर न्हाई जात त्याचा आवाज,” ती म्हणाली. “नाल्यापाशी वळतो तवा जातो. तवर आमी उभंच राहतो.”

आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. मग त्यानं मूळ चित्रीकरण काढलं. कॅमेरा त्या दिवशी त्यानं बंदच केला नव्हता. रिकामा रस्ता, आणि ट्रकचा आवाज बारीक होत होत किती तरी वेळ चाललेला. नाल्याच्या वळणाला तो एकदा वाढला आणि गेला. मी म्हटलं, “तिथं तोडा.” तो म्हणाला, “तिथंच होतं. आता आठवलं.” आई उठून चुलीकडं गेली होती. तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

सगळं मात्र परत आलं नाही. कुलपांच्या शॉटांची एक मालिका त्यानं आधी कशी लावली होती ते त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही. आम्ही नवी लावली. तो म्हणाला, “बरी हाय.” पण त्याच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की आधीची चांगली होती. त्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

परभणीला परतल्यावर मी ठरवलं, सगळी पानं तपासायची. एकेक घेऊन बसायचं आणि जे जुनं झालंय ते दुरुस्त करायचं. हे खुशीनं नवं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घालून द्यायला तयार झाले. मी रोज सकाळी बसायला लागले. पहिल्या पाच-सहा पानांतच लक्षात आलं की नुसती बटणांची नावं बदललेली नाहीत. माणसं कामच वेगळ्या तऱ्हेनं करायला लागली आहेत. जे मी हातानं करायला शिकवलं होतं ते आता आपोआप होतं, आणि ज्याची आता अडचण येते ते माझ्या कोणत्याच पानावर नाही. विसाव्या पानापर्यंत मी कशीबशी पोचले. एकविसाव्या पानाचं नाव होतं ‘शॉट कुठं संपवावा’. ते मी वाचलं आणि खुर्ची मागं सरकवली. त्या पानावर मी सात नियम दिले होते. एकाही नियमात चुडाव्याच्या त्या बाईचं वाक्य बसत नव्हतं.

आठवडाभर माझं कशातच लक्ष लागेना. दुकानात बसले की वर जावंसं वाटायचं, वर गेले की खाली. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं पहाटे फिरायला जायचे, तर अर्ध्यातूनच परत फिरायचे, कुणी साइटवरचं वाचून आणखी काही पुसलं तर नसेल, ह्या विचारानं. घरी येऊन आधी मेल उघडायचे. मेल नसायचीच. चार महिन्यांत साइटवर एकच नवा प्रश्न आला होता, आणि तो जुगाराच्या जाहिरातीचा निघाला.

एके दिवशी जेवताना मी म्हटलं, “साइट बंद करते.”

हे घास हातात धरून थांबले. “येड लागलंय का तुला? एका माणसाचं नुकसान झालं म्हणून सगळ्यांचं बंद करायलीस?”

“सगळे म्हणजे कोण? आता सगळे व्हिडिओवर शिकतात.”

“मंग पडून राहू दे की. खायला मागती का ती?”

“पडून राहिली म्हणूनच झालं ना ते.”

 जेवण झाल्यावर हे हात पुसत म्हणाले, “लोकांना आधी सांग. एकदम दार लावू नको.”

तसं केलं. दसऱ्याच्या आधी पहिल्या पानावर सूचना टाकली. दिवाळीनंतर ही साइट बंद होईल, कुणाला काही उतरवून घ्यायचं असेल तर घ्या, पण जुनं आहे, तपासून वापरा. मला वाटलं होतं फोनची रांग लागेल. अकरा उत्तरं आली. बहुतेकांनी नमस्काराचं चित्र टाकलं. पुण्याच्या एकानं छान लिहिलं, की त्याचा पहिला सिनेमा कापताना शेजारच्या खिडकीत माझी साइट उघडी असायची. आणि एकानं लिहिलं, ‘हे आधीच करायला हवं होतं.’ ते मी चार-पाच वेळा वाचलं. राग आला, मग वाटलं, बरोबरच आहे त्याचं, मग पुन्हा राग आला.

फोन फक्त एक आला, कोल्हापूरहून. बाई होत्या, माझ्याहून थोड्या लहान असाव्यात. काकांची मुलगी.

“ताई, बंद करताय असं वाचलं,” त्या म्हणाल्या.

मी समजावून सांगायला लागले, तर त्यांनी मधेच थांबवलं. “करा की. माझी काही ना नाही. पण बाबांनी लिहिलेलं तेवढं आधी काढून द्या. आम्हाला तर माहीतच नव्हतं ते रोज काय टाइप करत बसतात. ते गेल्यावर सापडलं. आईला मी जेवायच्या आधी एक उत्तर वाचून दाखवते. तिला त्यातलं काही कळत नाही, पण तिला ते बोलल्यासारखं वाटतं.”

“संपली नाहीत अजून?”

“कशी संपतील? एक संपलं की म्हणते, कालचंच परत वाच.”

मी त्यांना शब्द दिला. आणि हातात काम आल्यावर पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

काकांची उत्तरं सहाशेच्या वर भरली. नुसती उत्तरं काढून उपयोग नव्हता, प्रश्नही बरोबर हवेत. कुणी विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं, असं एकाखाली एक लावायला घेतलं. लावता लावता वाचत गेले. वर्षानुवर्षं मी ती फक्त चाळली होती. एका पोरानं विचारलं होतं, गाण्याचा कट तालावर घ्यावा का? काकांनी लिहिलं होतं की आधी गाणारीचा श्वास कुठं आहे ते बघ, ताल पळून जात नाही. दुसऱ्या एकाला त्यांनी नुसतं विचारलं होतं, ‘जेवलास का? आधी जेव. मग परत बघ.’

आणि मग मला माझीच एक लबाडी सापडली. पानाखाली कुणी लिहिलेलं एखादं मत मी साइटवरून काढलं तरी ते पूर्ण जात नसे, मालकाला दिसेल असं आत राहायचं. काकांचं असं एक मत आत होतं. नऊ-दहा वर्षांपूर्वीचं. डिस्कमध्ये जागा कशी करावी, त्याच पानाखालचं. त्यांनी लिहिलं होतं, ‘बाई, प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख आणि कुठल्या व्हर्जनचं ते घालत जा. हे आज खरं आहे. उद्या कुणाचा तरी घात होईल.’

मला तो दिवस लख्ख आठवला. सगळ्यांसमोर त्यांनी मला चूक दाखवली म्हणून मी चिडले होते. ते मत लपवलं आणि त्यांना कोरडं पत्र लिहिलं, की सूचना खासगीत कळवाव्यात. त्यांनी उत्तर दिलं नाही. चार महिने ते आलेच नाहीत. पाचव्या महिन्यात एका सकाळी परत कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देऊन मोकळे झाले, जणू काही घडलंच नव्हतं. मीही त्यावर काही बोलले नाही. मला वाटलं, मिटलं.

त्या दिवशी मी पुढचं काम केलं नाही. गाडी काढून उगाच वसमत रोडनं लांबपर्यंत गेले आणि परत आले. घरी आल्यावर कोल्हापूरला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी काय लिहिलं होतं, मी ते कसं लपवलं, आणि त्याच पानामुळं पुढं काय झालं.

 मी म्हटलं, “मला माफ करा. त्यांची माफी मागायची राहून गेली.”

“तेही पाठवा,” त्या म्हणाल्या. “लपवलेलं होतं असं लिहून पाठवा.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“आला. पण त्या चार महिन्यांत बाबा सकाळी काय करायचे ते मला आता कळलं. खिडकीत बसायचे. आम्हाला वाटायचं तब्येत बरी नाही.”

 त्यांनी बरोबर तेच सांगितलं होतं जे मला ऐकायचं नव्हतं. फोन त्यांनीच ठेवला, पण ठेवताना “पत्ता लिहून घ्या” म्हणाल्या.

त्यांच्या आईला मोबाइलवर वाचणं जमत नाही म्हणून मी मोठ्या अक्षरात छापून घ्यायचं ठरवलं. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं दोन दिवस लावले, तीन गठ्ठे बांधून दिले. लपवलेलं मत त्याच्या जागी घातलं आणि खाली माझ्या हातानं लिहिलं की हे मी काढलं होतं. ते लिहिताना अक्षर फार वाईट आलं. पान बदलून पुन्हा लिहिलं, तरी तसंच आलं. मग तेच पाठवलं.

त्याच आठवड्यात, भाऊबीजेच्या दिवशी, चुडाव्याच्या शाळेच्या भिंतीवर फिल्म दाखवली गेली. हे आणि मी, दोघंही गेलो. दिवस मावळताच प्रोजेक्टर लावला. ट्रक दुसऱ्या दिवशी येणार होते, त्यामुळे सगळं गाव होतं, काहींची गाठोडीही बांधून झालेली. स्वतःचं दार दिसलं की बाया ओरडायच्या, “ते बघ, आपलं हाय!” मला खुर्ची दिली होती, पण मी मागं भिंतीला टेकून उभी राहिले. ट्रकचा तो शॉट आला. ट्रक निघाला, चौकट रिकामी झाली, आवाज लांब जायला लागला. मी लोकांकडं बघत होते. कुणी हललं नाही. नाल्याचं वळण आलं तसं पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं नुसतं “हं” केलं. कुलपांची मालिका आली तेव्हा तो, फिल्मवाला, उठून बाहेर गेला. ती संपल्यावर परत आला.

दिवाळीनंतर, भाऊबीज झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी, मी साइट बंद केली. हे शेजारी उभे होते. बटण दाबलं, पडद्यावर बंद झाल्याची एक ओळ आली आणि बाकी काही झालं नाही. मी लगेच ब्राउझरमध्ये उघडून बघितली. उघडत नव्हती. दहा मिनिटांनी परत बघितली. मग चुडाव्याला फोन केला.

“बघा बरं, उघडती का.”

“उघडायलीय की मॅडम.”

“नीट बघा.”

“समोर हाय. चांगली उघडायलीय.”

काही ठिकाणी बंद झालेली साइट जुन्या नोंदीमुळं दिवसभर, दोन दिवस तशीच दिसत राहते, हे मला माहीत होतं. त्यावर मी एक पानही लिहिलं होतं. तरी त्या दिवशी मी त्याला चार वेळा फोन केला. दर वेळी तो काम सोडून बघायचा आणि सांगायचा, “हाय अजून.” दुसऱ्या दिवशीही होती. मला काय हवं होतं तेच कळत नव्हतं. ती तिथं राहावी की जावी? तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. “मॅडम, आता न्हाई उघडत.” मग घाईघाईनं म्हणाला, “पण मी सगळी पानं उतरवून घेतली होती. टेंशन घेऊ नका.”

“वापरू नका ती,” मी म्हटलं.

“वापरायला न्हाई. ठेवायला.”

त्यानंतर मी माहेरी, बोरीला गेले. भाऊ-वहिनी कधीचे बोलवत होते. चार दिवस राहीन असं सांगून गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत निघाले. वहिनी चिडली. “आलीस कशाला मंग? बूड टेकवायच्या आधी उठतीस,” असं म्हणत तिनं पिशवीत तुरीच्या शेंगा कोंबल्या. घरी ह्यांनी मला दारात बघितलं आणि म्हणाले, “एवढ्यात?”

“करमलं नाही.”

“इथं करमायलंय का?”

“इथंही नाही.”

“मंग तिथंच का न्हाई राहिलीस?”

 आठवडाभरानं मी पुन्हा बोरीला गेले. ह्या वेळी तीन दिवस राहिले. कापसाची वेचणी चालू होती. भाऊ नको म्हणत होता तरी कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून वहिनीसोबत शेतात उतरले. बोटांना बोंडं टोचत होती, पाठ भरून आली होती. वहिनी कपाशीच्या पुढच्या ओळीतून तिच्या व्याह्यांची काहीतरी लांबलचक तक्रार सांगत होती. मी मधूनमधून हं म्हणत होते. कधीतरी तिनं विचारलं, “ऐकायलीस ना?” आणि मी म्हटलं, “ऐकायलेय. पुढं काय झालं?” मला खरंच पुढचं ऐकायचं होतं.